नळी, पिशवी आणि माहुलचे नाखवा

माझ्या हाताखालून गेलेले पुरुष बाजारात समोरून आले की बहुतेक वेळा भाजीच्या गाडीकडे वळतात आणि मेथी निरखायला लागतात. मी मनावर घेत नाही. ज्या माणसाने आठवडाभर तुमची लघवी मोजून लिहिली आहे, त्याच्याशी कोथिंबिरीच्या जुडीसमोर काय बोलायचं, हा प्रश्न मलाही पडला असता.

मी नर्स आहे. पुरुष नर्स. आम्हाला रुग्णालयात 'ब्रदर' म्हणतात, मग वय काहीही असो. घाटकोपरच्या एका खासगी रुग्णालयात बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा मूत्रविकारांच्या वॉर्डात. आई शेजारणींना शेवटपर्यंत "आमचो बाबू हॉस्पिटलात आसा" एवढंच सांगायची. कोणी "डॉक्टर काय गो?" असं विचारलं, तर ती होयही म्हणायची नाही आणि नायही म्हणायची नाही. पदराने कपाळ पुसायची. मला त्याचा राग यायचा. पुढे यायचा बंद झाला, कारण डॉक्टर दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं येतात आणि उरलेला वेळ माणूस आमच्या स्वाधीन असतो, हे मला कळलं होतं.

आता थोडं समजावून सांगतो, कारण ज्याच्यावर वेळ येत नाही त्याला प्रोस्टेट म्हणजे काय हे ठाऊक नसतं, आणि ज्याच्यावर येते तो कोणाला सांगत नाही. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली एक गाठ असते, तरुणपणी सुपारीपेक्षा जरा मोठी. लघवीची नळी तिच्या मधोमधून जाते. वय झालं की ही गाठ वाढते आणि नळीला आवळते. नुसती वाढली असेल तर आतून खरवडतात. कॅन्सर असेल तर बहुतेकांची अख्खी गाठ काढतात, आणि मग वरचं मूत्राशय आणि खालची नळी एकमेकांना ओढून शिवतात. हा जोड म्हणजे ऑपरेशनचा जीव. तो भरून येईपर्यंत त्याच्यातून लघवी वाहू द्यायची नाही, म्हणून आतून कॅथेटर घालतात. त्याच्या टोकाला मूत्राशयात पाण्याने फुगवलेला एक छोटा फुगा असतो, त्याच्या आधाराने ती नळी आत टिकते. शिवाय पोटाच्या बाजूला एक भोक पाडून दुसरी नळी जोडाच्या शेजारी ठेवतात. हा ड्रेन. आत साचणारं रक्त-पाणी त्यातून बाहेरच्या रबरी चेंडूत येतं. चेंडू दाबून बूच लावलं की तो हळूहळू फुगत आतलं पाणी ओढतो.

दिसायला सगळं फालतू वाटतं. नातेवाइकांना मॉनिटरची भीती वाटते, त्याच्या हिरव्या रेषा ते टक लावून बघत बसतात. त्या चेंडूकडे कोणी बघत नाही. पण पोटात काय चाललंय ते बाहेर येऊन सांगणारा तोच एक असतो. किती आलं, कोणत्या रंगाचं आलं, हे रोज नीट पाहिलं की अर्धी लढाई तिथेच कळते. बोरीवलीचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर माझ्याकडे होते. त्यांनी घरून रंगपेटी मागवली आणि रोज सकाळी ड्रेनमधल्या पाण्याचा रंग ब्रशने वहीत उतरवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी लाल, मग विटकरी, मग फिका गुलाबी, शेवटी वाळल्या गवतासारखा पिवळट. वॉर्डातल्या पोरी हसायच्या. आमच्या सर्जनसाहेबांनी मात्र ती वही हातात घेऊन दोनदा पाहिली आणि नव्या डॉक्टरांना दाखवली. "असा उतरत गेला पाहिजे रंग," म्हणाले.

मी स्वतः हे शिकलो ते एका माणसाला भोगायला लावून. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, तेव्हा मी पोटाच्या ऑपरेशनांच्या वॉर्डात होतो. मुलुंडचे एक काका, रेल्वेच्या कचेरीत होते. स्वभावाने इतके गरीब की सुई टोचल्यावर मलाच "लागलं नाही हां" म्हणायचे. त्यांचा ड्रेन पहिले दोन दिवस भरपूर येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम काहीच नाही. मी तक्त्यावर 'शून्य' लिहिलं आणि मोठ्या फुशारकीने काकूंना सांगितलं, "उद्या नळी निघते बघा." मी चेंडू पाहिला होता, नळी पाहिली नव्हती. आत रक्ताची गाठ अडकून ती बुजली होती. पाणी यायचं थांबलं नव्हतं, ते पोटात साचत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप भरला, दुपारपर्यंत पोट टणक झालं आणि त्यांना परत ऑपरेशनला न्यावं लागलं.

ते वाचले. पण दहा दिवसांनी मुलीचं लग्न होतं, ते त्यांना खाटेवरच काढावं लागलं. लग्न लागल्यावर ती मुलगी शालू नेसूनच वॉर्डात आली, हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या तशाच. बापाच्या पाया पडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्या हाताला मी लावलेली सलाईनची सुई होती. मला कोणी एक शब्द बोललं नाही. फक्त आमच्या मोठ्या सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "परब, शून्य लिहिण्याआधी नळीला हात लावून बघायचं." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नाखवांची गोष्ट त्यानंतर खूप वर्षांनी, मी निवृत्त झाल्यावरची. हल्ली पेशंटला तीन-चार दिवसांत घरी सोडतात. ऑपरेशन बारीक भोकांतून होतं, मशीनचे हात ते करतात, सगळं झकास. पण ड्रेन आणि कॅथेटर पुष्कळदा पेशंटबरोबर घरी जातात. म्हणून सर्जनसाहेबांनी मला विचारलं, "परब, घरी बसून काय करणार? माझ्या पेशंटांकडे जाऊन बघत जा." मी हो म्हणालो. घरी बसून मी सौ.च्या स्वयंपाकात चुका काढायला लागलो होतो, त्यामुळे तिनेही हरकत घेतली नाही.

हरेश्वर नाखवा माहुल गावातले. वय सहासष्ट, अंगाने उंच, दंड अजून दोरखंडासारखे. स्वतःची होडी. बायको हिराबाई चेंबूरच्या बाजारात मासळी विकायला बसायच्या. मुलगा नितेश विमानतळावर सामान चढवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, म्हणून नाखवांनी प्रोस्टेट काढायच्या ऑपरेशनसाठी मुद्दाम तेच दिवस धरले होते. "नारळी पुनवेला मी पाण्यात पायजे," असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं होतं, जणू डॉक्टर त्यांचे खलाशी होते.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. ड्रेन अजून जरा जास्त येत होता म्हणून तो ठेवला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नाखवा तळमजल्याच्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि लघवीची पिशवी त्यांनी चादरीत, कुशीत लपवून ठेवली होती.

"नाखवा, पिशवी वर ठेवली तर लघवी उलटी जाईल. ती कमरेच्या खालीच हवी."

"शेजारी-पाजारी येतात रे. ते मुताचं गाठोडं कनाला दाखवू त्यांना?"

मी पिशवी खाटेच्या खालच्या दांडीला अडकवली. हिराबाईंनी काही न बोलता त्यावर एक पिवळा टॉवेल टाकला. प्रश्न मिटला.

हिराबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी त्यांना शिकवलं: हात साबणाने धुवायचे, बूच काढायचं, चेंडूतलं पाणी मापाच्या पेल्यात ओतायचं, चेंडू मुठीत घट्ट दाबायचा, दाबलेला असतानाच बूच लावायचं. पेल्यावर मी मार्करने रेघा मारून दिल्या. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर आपल्या खुणा काढल्या, ड्रेनच्या उभ्या रेघा आणि लघवीचे गोल. रंगासाठी मात्र त्यांचा शब्द होता. "आज पाणी बोंबलाच्या रंगावर आयलंय," असं फोनवर सांगायच्या, आणि मला घरबसल्या तो फिका गुलाबी रंग दिसायचा.

सातव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास त्यांचा फोन आला.

"ब्रदर, काल पाणी कमी होतं. आज चेंडू दोनदा भरला. पिवळं, पातळ. आणि मुताची पिशवी कोरडी हाय."

"पाण्याला वास कसला येतोय?"

"तेच सांगतंय ना. मासळीत जन्म गेला माझा, नाक खोटं नाय बोलत. मुताचा वास येतंय."

 लघवी जिथून यायला हवी तिथून येत नव्हती आणि जिथून यायला नको तिथून येत होती. म्हणजे कॅथेटर तुंबली होती आणि लघवी जोडाच्या शिवणीतून बाहेर पडून ड्रेनच्या वाटेने निघाली होती. ड्रेन नसता तर ती पोटातच साचली असती.

"काही करू नका. कोणाला नळीला हात लावू देऊ नका. मी आलो."

रिक्षा पकडली. माहुलच्या रस्त्यावर रिफायनरीचे टँकर एकामागोमाग उभे होते, रिक्षा मुंगीच्या पावलाने चाललेली. मी सर्जनसाहेबांना फोन लावत होतो, ते ऑपरेशनमध्ये. असिस्टंटचा फोन बंद. शेवटचा अर्धा किलोमीटर उतरून चालत, खरं तर पळत गेलो. त्या वयात पळणं म्हणजे काय ते पाहणाऱ्यांनाच विचारा.

खोलीत शिरलो तर खाटेशी जवळच्या दवाखान्याचे डॉक्टर बसलेले. नितेशने बापाचं कण्हणं न बघवून त्यांना आणलं होतं. नाखवांचं कपाळ घामाने डबडबलेलं, ओटीपोट धरून ते दात आवळून पडले होते. डॉक्टरांच्या हातात रिकामी सिरिंज होती आणि तिचं टोक कॅथेटरच्या फुग्याच्या तोंडाला लागलेलं होतं. नवी कॅथेटर पाकिटातून काढून तयार. हिराबाई त्यांच्यासमोर हात पसरून उभ्या होत्या.

"डॉक्टर, सिरिंज काढा," मी दारातूनच ओरडलो.

त्यांनी मान वळवली. "तुम्ही कोण?"

"ब्रदर. यांच्या सर्जनकडून येतो."

"अहो, कॅथेटर ब्लॉक आहे. बदलली की झालं. मी रोज चार बदलतो."

"मी पण हजारो बदलल्यात, साहेब. पण यांची प्रोस्टेट काढून आज सातवा दिवस आहे. आतला जोड कच्चा आहे. फुग्यातलं पाणी सोडून ही नळी निघाली, तर दुसरी घालताना ती जोडातून भलतीकडे जाईल. मग जोडच फाटेल. ही नळी त्यांच्या सर्जनशिवाय कोणी हलवायची नाही."

"आणि पेशंटला असंच तडफडत ठेवायचं?"

तो माणूस वाईट नव्हता. त्याला प्रोस्टेट काढल्याचं कोणी नीट सांगितलंच नव्हतं. नितेशने फक्त "लघवीचं ऑपरेशन" म्हटलं होतं. पण त्या क्षणी नितेशच माझ्यावर धावून आला.

"काका, तुम्ही डॉक्टर आहात का? नाही ना? मग त्यांना करू द्या! बाबांची हालत बघा ना!"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कितीतरी वेळा विचारला गेलाय, आणि दर वेळी मी एक पाऊल मागे घेतलं होतं. त्या दिवशी नाही घेतलं. मी खाटेवर, नाखवा आणि सिरिंज यांच्या मध्ये बसलो.

"नाही, मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. "पण माझ्या डोळ्यांसमोर ही नळी निघणार नाही. मला दहा मिनिटं दे. दहा मिनिटांत नाही जमलं तर आपण नळीसकट यांना उचलून रुग्णालयात नेऊ. तोवर तू गाडी बोलाव."

नितेश उभाच राहिला. तेव्हा नाखवा पहिल्यांदा बोलले, डोळे न उघडता. "नितेश, गाडी बोलाव. ब्रदर सांगतंय तसं कर."

मी नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांनी तपासली. मांडीखाली दबलेली नव्हती, पिळलेली नव्हती, पिशवी खालीच होती. म्हणजे आत काहीतरी अडकलं होतं. मग ऑपरेशन थिएटरमध्ये फोन लावला. तिथल्या सिस्टर माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेल्या. त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी फोन सर्जनसाहेबांच्या कानाशी धरला.

"परब, पन्नास मिली सलाईन, अगदी हलक्या हाताने. जोर लावायचा नाही. फुग्याला हात नाही. परत आलं नाही तर थांबा आणि घेऊन या."

"होय सर."

माझ्या पिशवीत सलाईन असतं. मोठ्या सिरिंजमध्ये घेतलं, नळीला लावलं आणि दट्ट्या इतका हळू दाबला की सिरिंजवरच्या रेघा मी एकेक मोजत होतो. गेलं. ओढून पाहिलं, काही येईना. नाखवांनी चादर मुठीत धरली. मी थांबलो. डॉक्टर माझ्या खांद्यावरून बघत होते. पुन्हा थोडं घातलं, पुन्हा अलगद ओढलं, आणि सिरिंजमध्ये काळपट लाल, जळूएवढी एक गाठ सळकन आली. तिच्या मागोमाग लघवी. नळी पिशवीला जोडली तशी ती धो धो वाहायला लागली. नाखवांच्या चेहऱ्यावरचं आवळलेपण डोळ्यांदेखत सुटलं.

डॉक्टरांनी नवी कॅथेटर आपल्या बॅगेत ठेवून दिली. जाताना मला म्हणाले, "हे मला माहीत असायला हवं होतं." असं म्हणणारे डॉक्टर मला फार भेटलेले नाहीत. मी त्यांना हात जोडले.

गाडी आली होतीच. रुग्णालयात ड्रेनमधलं पाणी तपासलं, ती लघवीच निघाली. जोडात एक बारीक फट राहिली होती. पुन्हा ऑपरेशन नको, म्हणाले सर्जनसाहेब, फट आपली आपण भरेल. कॅथेटर मोकळी वाहती ठेवायची, आणि ड्रेनचा चेंडू आता दाबायचा नाही, नुसता जोडलेला ठेवायचा. ओढ राहिली तर फट उघडीच राहते. आणि थांबायचं.

हे थांबणं सगळ्यात कठीण गेलं. पिशवीसकट घरी पाठवलं, आणि नारळी पौर्णिमा नाखवांनी खिडकीतून पाहिली. किनाऱ्यावर वाजंत्री, सजवलेल्या होड्या, आणि हे खाटेवर दोन नळ्या लावून. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर उशाशी मासळी कापायची सुरी होती.

"ही पोटातली काढ, ब्रदर. नायतर मी कापीन."

"कापा. पण आधी एक सांगा. होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवल्या की होडी त्याच दिवशी पाण्यात ढकलता?"

 ते नाखुशीने म्हणाले, "सुकवायला लागते."

"मग?"

"होडी बोलत नाय रे, दुखतंय म्हणून."

 मी सुरी उचलून हिराबाईंकडे दिली आणि ड्रेसिंग बदललं. ते रडत होते, मी पट्टी चिकटवत राहिलो. अशा वेळी माणसाच्या तोंडाकडे बघायचं नसतं, हे आमच्या कामात कोणी शिकवत नाही, पण येतं.

कॅलेंडरच्या मागच्या उभ्या रेघा रोज कमी होत गेल्या. बारा, आठ, पाच, दोन. प्रत्येक वेळी मी नळी बोटाने चाचपून ती मोकळी आहे याची खात्री करायचो, मगच रेघेवर विश्वास ठेवायचो. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी औषध घालून एक्स-रे काढला. जोड पक्का. आधी ड्रेन काढला. "लांब श्वास घ्या, सोडा," म्हटलं आणि सोडताना ओढला. वीतभर नळी बाहेर आलेली बघून नाखवा म्हणाले, "एवढी आत होती?" दोन दिवसांनी सर्जनसाहेबांसमोर कॅथेटरही निघाली.

सगळ्यांना वाटतं की इथे गोष्ट संपते. पेशंटची खरी लढाई त्या दिवशी सुरू होते. नळी निघाल्यावर नाखवा उठून उभे राहिले आणि लघवी पायावरून जमिनीवर ओघळली. त्यांनी खाली पाहिलं आणि परत खाटेवर बसले. गाठ काढताना लघवी धरून ठेवणारी एक झडप तिच्याबरोबर जाते, उरलेल्या स्नायूला सगळं काम नव्याने शिकावं लागतं. काहींना आठवडे लागतात, पुष्कळांना महिने. हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. पण कानाने ऐकणं आणि अंगावरून ओघळणं यात फरक आहे.

पुढच्या खेपेला गेलो तर ते घराबाहेर पडायचे बंद झाले होते. पाणी प्यायचेही बंद, म्हणजे लघवीच होणार नाही. पॅडचं पाकीट कोपऱ्यात भिरकावलेलं.

"बायकांचा माल मी लावू?" ते माझ्यावर खेकसले.

माझ्या आधी हिराबाईच बोलल्या. त्या दारात बसून मासे साफ करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी दर महिन्याला फडकी लावली. तशीच डोक्यावर पाटी घेऊन बाजारात उभी राहिली. मेली नाय. तुना चार महिने जड जातंय?"

 नाखवांनी बायकोकडे पाहिलं, कदाचित त्या पस्तीस वर्षांत ह्या गोष्टीचा विचार पहिल्यांदाच केला असावा. मग हात पुढे केला. "दे ते पाकीट."

मी व्यायाम शिकवला. मोरीत बसून नाही, खाटेवर पडून. लघवी मध्येच थांबवताना जो स्नायू आवळतो, तेवढाच आवळायचा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि ढुंगण ताठ करायचं नाही. पाच आकडे धरायचं, पाच आकडे सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाहेरून काही दिसत नाही, घाम येत नाही, म्हणून पुरुषांना हा व्यायामच वाटत नाही आणि आठवड्यात सोडून देतात. नाखवांनी सोडला नाही. उठताना, खोकताना, बादली उचलताना आधी आवळायचं, मग उचलायचं. पहिल्या महिन्यात दिवसाला पाच पॅड. दुसऱ्यातही पाच. मला फोनवर नुसता आकडा सांगायचे आणि ठेवून द्यायचे. तिसऱ्या महिन्यात एक दिवस "तीन" ऐकू आलं. मी घरात एकटाच टाळी वाजवली.

आणि दुसरा प्रश्न, जो सगळे पुरुष मी चपला घालत असताना, दाराशी, अगदी हळू विचारतात, तो त्यांनीही विचारला. मी जे खरं ते सांगितलं: ते सुख परत यायला लघवीपेक्षाही जास्त वेळ लागतो, पूर्वीसारखं येईलच असं नाही, पण औषधं आहेत आणि डॉक्टरांशी बोलायला लाजू नये. ते म्हणाले, "हिरा मना काय बोलत नाय." मी म्हणालो, "मग तुम्ही तिच्याशी बोला." पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही.

दिवाळीनंतर ते होडीवर गेले. दिवसाला एक पॅड अजून लागत होतं. मला जायला हवं होतं त्यांना बघायला, मी गेलो नाही. मुंबईत राहून माहुल फार लांब वाटायला लागतं, काम नसलं की.

मग एका रविवारी सकाळी त्यांनीच बोलावलं. गावातल्या समाजाच्या हॉलमध्ये बारा-चौदा पुरुष जमवले होते, सगळे पन्नाशीच्या पुढचे. "तू सांग त्यांना," म्हणाले. मी फळ्यावर चित्र काढलं, गाठ कुठे असते, तिची लक्षणं काय, कोणती तपासणी करायची. पुरुष फरशीकडे बघत होते. मागच्या बाजूला कोणीतरी फिदीफिदी हसलं. "काही विचारायचंय?" मी म्हणालो. कोणाला काही विचारायचं नव्हतं. दोघं-तिघं उठायच्या बेतात होते.

नाखवा उभे राहिले.

"मना कॅन्सर होता," ते म्हणाले. "तीन आठवडे नळी होती. त्यानंतर मी पोरासारखा चड्डीत मुतलो. आतापण पॅड लावलंय, आता, हितं उभा हाय तर. ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्या."

कोणी हसलं नाही.  मग भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ, रामा कोळी, सत्तरीचे, डोक्यावरची टोपी काढून हातात धरत म्हणाले, "माझी धार तुटक येतंय. दोन वर्षं झाली. मधे एकदा रगत पण आयलं. ते पण ह्यातलंच काय?"

"घरात सांगितलंत का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या ओपीडीत गेलो. साडेदहा वाजता बाकड्यावर ते दोघे बसले होते, रामा कोळी धुवट सदऱ्यात, हातात केसपेपर, आणि शेजारी नाखवा.  शिपायाने रामा कोळींचं नाव पुकारलं. ते उठले, पुन्हा बसले.

नाखवांनी त्यांच्या दंडाला धरलं.

"चल रे रामा," ते म्हणाले. "मी पण आत येतंय."